पाळीवर बसून खाल्लेलं

४ नोव्हेंबर
सकाळी यांचं तोंड मोजलं. दीड बोट. माझी तीन उभी बोटं आरामात जातात, यांच्या तोंडात दीडच. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून चघळून गाल आतून आखडलाय, असं डॉक्टर म्हणतात. आता त्यात गाठ. तिचा तुकडा तपासायला गेलाय.
पेज केली, चिन्नोर तांदळाची. मिक्सरमधून काढली, गाळली, कोमट केली. यांनी थोडी घेतली नि वाटी सरकवली. मी स्वयंपाकघरात उभ्यानेच कालची भाकर नि कच्चा कांदा खात होते. आवाज बाहेर गेला असणार.
"काय खाऊन राहिली वं?"
"काही नाही."
भाकर परत डब्यात.

६ नोव्हेंबर
आजपासून फिरायला. प्राचीचं पुण्याहून फर्मान, आई तुझी शुगर वाढली, चालत जा. लेकीला वाटतंय आईने ऐकलं. खरं म्हणजे मला चावायचंय. घरात चावण्याची चोरी झालीय.
हायवे ओलांडला. ट्रकांची रांग लागलेली. यांचं पंक्चरचं दुकान बंद, शटरवर ही धूळ. पुढे तलावाची पाळ, मातीचा उंच बांध. तिथे बसले. पिशवीतून डबा काढला, भाकर, ठेचा, कांदा. सगळं संपवलं. पहिल्या घासाला लाज वाटली. दुसऱ्याला नाही वाटली.

९ नोव्हेंबर
नागपूर. रिपोर्ट आला. जे वाटत होतं तेच. ऑपरेशन लवकर करा म्हणाले. गाल आतून काढावा लागेल, जबड्याचाही तुकडा. मग काही दिवस नाकातून नळी. परतताना आमची लाखनी जवळ आल्यावर हे बसच्या खिडकीकडे बघत म्हणाले, "मले नाई करायचं."
दातातून बोलतात हल्ली, त्यामुळे साधं बोललं तरी रागावल्यासारखं वाटतं. हा राग नव्हता. भ्यालेत.
संध्याकाळी पेज उतू गेली. गॅस पुसत बसले, बराच वेळ.

१३ नोव्हेंबर
पाळीवर शेवंताबाई भेटली. तलावातले शिंगाडे काढते. पाण्यात उभ्याने काढून तिचे हात पांढरे, सुरकुतलेले. मला ओंजळभर दिले. म्हणाली, "शिजवून खाजो बाई, कच्चे पोटात दुखतेत." मी तिच्यासमोरच दाताने साल फोडली. आत पांढरा, थंडगार, करकरीत गर. ती हसत सुटली.
आज फार दिवसांनी बरं वाटलं. मनाला नाही, तोंडाला. तेवढंही चालेल.

१८ नोव्हेंबर
यांची पँट धुवायला घेतली तर खिशात खर्र्याची पन्नी, प्लास्टिकची पुडी. अंगाचा तिळपापड झाला. पन्नी समोर आपटली.
"मी इथी मिक्सर फिरवून मरून राहिली, नं तुमी?"
"खाल्ला नाई. वास घेतला नुसता."
"हो, नं मी येडी!"
दिवसभर अबोला. पण अबोलाही धड धरता येत नाही, चमचा भरवताना "तोंड उघडा" म्हणावंच लागतं.
पन्नी नंतर नीट पाहिली. भरलेलीच होती. तरी सांगितलं नाही त्यांना. कचऱ्यात टाकली.

२२ नोव्हेंबर
"फोडणी दे नं कायची तरी."
"अन् खाणार कोण?"
"खात नाई. दे फक्त."
खुर्ची ओढून गॅसपाशीच बसले. तेल, जिरं, ठेचलेला लसूण, दोन लाल मिरच्या. धूर भरला. त्यांना ठसका, मला ठसका, दोघांचे डोळे गळायला लागले. "आणखी एक डाव," म्हणाले. पुन्हा दिली. आता कढईतल्या फोडणीचं करायचं काय? वरणात ओतली, गाळून दोन चमचे दिलं. गाल पेटला असणार, कपाळावर घाम. पण गिळलं. मग हसले, जेवढं तोंड हसतं तेवढं.
रिपोर्ट आल्यापासून हसले नव्हते.

२७ नोव्हेंबर
पकडले गेले. शेवंताबाई गल्लीत शिंगाडे विकायला आली नि यांना म्हणाली, "बाई रोज तठी पाळीवर बसून मस्त जेवते हो!" मी आत. जमीन दुभंगावी असं झालं. ती गेल्यावर हे आत आले. वाटलं, आता बोलतील.
"माह्यापासून लपवते कायले? येऊन सांगत जा. काय खाल्लं, कसं लागलं."
मग सांगितलं. आज सांबारवडी नेली होती, कोथिंबिरीची.
"वरून कुरकुरीत होती?"
"हो."
"आतून?"
"सांबार जरा कच्चा राहिला."
"तेल तापलं नसन. तुले घाई."
एक घास तोंडात नाही नि माझ्या वडीत खोड काढतात. खोड काढा हो, रोज काढा.

४ डिसेंबर
तोंड: एक बोट.
प्राची आली. बापलेकीचं वाजलं. "बाबा, तुमाले जगायचं नाई का?" ती ओरडली. हे म्हणाले, "जगायचं हाय. नळीनं नाई." ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. मला दोघांपैकी कोणाचं खोटं वाटेना, म्हणून मी पिशवी घेऊन बांधीकडे, धानाच्या शेतात गेले. धान निघालाय, त्यात लाखोळी, लाखेची डाळ, वीतभर आलीय. कोवळे शेंडे खुडत बसले. ऊन पाठीवर. हात हिरवे झाले. कोणी काही विचारत नव्हतं.
भाजी घोटून एकजीव केली. हे वाटीभर जेवले. प्राचीला वाटलं बाबा सुधारतायत. जाताना चेहरा हलका होता तिचा. गाठ आता बाहेरून हाताला लागते, ते मी तिला सांगितलं नाही.

१० डिसेंबर
दवाखान्यातून फोन. सोळाला सकाळी भरती व्हा, नाहीतर पुढची तारीख केव्हा मिळेल सांगता येत नाही. यांना सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून निजले.
मला त्यांचा राग येतो. त्यांच्याशिवाय घराची कल्पना केली की उठून धुतलेला मिक्सर पुन्हा धुते. आणि कधीकधी, पेज गाळताना, संपू दे एकदाचं असंही मनात येतं. लिहून टाकलं. कोणाला सांगणार हे.
आज पाळीवर डबा उघडलाच नाही.

१५ डिसेंबर
उद्या. गाडी सकाळी सहाला सांगितलीय. बॅग भरून दाराशी ठेवली. हे हो म्हणालेले नाहीत. नाहीही म्हणालेले नाहीत. बॅगेला वळसा घालून ये-जा करतात.
संध्याकाळी मी फिरायला निघाले तर हे आडवे आले.
"आज तठी नको जाऊ. इथीच जेव. माह्यासमोर."
"नाही. मला नाही जमणार."
"बस म्हनतो नं."
भात, वांग्याची भाजी, मुळा. ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले. पहिला घास चाववेना, तसाच गिळला.
"गिळून नको राहू. चाव."
चावला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. नजर हलत नव्हती. त्यांचा जबडा माझ्याबरोबर किंचित हलत होता, त्यांना ते कळत नसावं.
"मुळा घे."
घेतला. कचकच आवाज सगळ्या घरात. रडत रडत जेवले, पण जेवले, ताटात काही ठेवलं नाही. मग मी उठायच्या आधी त्यांनीच ताट उचललं, मोरीत नेलं नि घासायला बसले. लग्नापासून कधी ताट घासलं नाही या माणसाने.
मी दारातून विचारलं, "गाडीवाल्याला सहालाच ये म्हणू ना?"
नळ चालू होता. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं. हे घासतच होते.