शटर वर!

सोमवार, ६ जानेवारी

ऐकतील तर शपथ! डॉक्टरीणबाईंनी आज यांना समोर बसवून समजावलं — हृदयाची एक नळी आधीच अरुंद झालीय, त्यात दुकानाचं शटर पाडून आत जनरेटरची इंजिनं चालवता. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. तरुणाचं डोकं दुखेल, तुमचं हृदयच बंद पडेल.

हे म्हणाले, “जन्म गेला जनरेटर दुरुस्त करण्यात. धूर मला ओळखतो.”

ओळखतो म्हणे! त्या वायूला ना रंग ना वास.

मंगळवार, ७

शटर खाली. इंजिन चालू. म्हणे थंडी वाजते. बोंबला!

गुरुवार, ९

सुट्टीच्या दिवशी जिना एका दमात चढतात. दुकानातून वर येताना अर्ध्यावरच टेकतात. विचारलं तर — “गुडघे!” गुडघे काय छातीत असतात?

लेक फोनवर म्हणाली, “आई, बाबांशी वाद नको घालूस.” घालणार! मीही काही कमी हट्टी नाही.

शुक्रवार, १०

खुर्ची उचलली आणि खाली दुकानात जाऊन बसले. जनरेटर धडधडतोय, शटर पाडलेलं. हे ओरडले, “वर जा! तुला बाधेल!”

“तुम्हाला बाधत नाही, मग मला कसं बाधेल?”

तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझं डोकं ठणकायला लागलं, तरी जागची हलले नाही. शेवटी यांनीच इंजिन बंद केलं, शटर वर ढकललं. जिंकले!

शनिवार, ११

कसली जिंकले! भाजी घेऊन आले तर शटर पुन्हा खाली. मागच्या दारानं आत गेले. हे हत्यारांच्या पेटीवर बसलेले, मूठ छातीवर, ओठ पांढरे. मला बघून पहिला प्रश्न — “बाहेर कुणी आहे का?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. थंडीबिंडी काही नाही. आपल्याला धाप लागते हे गिऱ्हाइकाला दिसू नये, म्हणून शटर! धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याकडे मशीन कोण देईल, ही भीती. आणि लपायला शटर पाडलं की छाती आणखीच दुखते.

रडू आलं. मग संताप आला. “नवरा कशानं गेला विचारलं तर काय सांगू? लाजेनं?”

डॉक्टरीणबाईंची जिभेखाली ठेवायची गोळी यांनी निमूट घेतली.

सोमवार, १३

वेल्डरला बोलावून शटर वरच पक्कं करून टाकलं. यांच्या डोळ्यांदेखत! हे म्हणाले, “चोर आले तर?” म्हटलं, “येऊ देत. हवा तरी खेळती राहील.”

वेल्डरला हसू आवरेना. यांनी त्याला हाकललं नाही. उलट म्हणाले, “टाका नीट मार रे.”

गुरुवार, १६

भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, हातातला पाना खाली ठेवून हे मोठ्यानं म्हणाले, “थांबा हो, माझ्या छातीत दुखतंय. कुणीतरी हिला हाक मारा.” मी वरून ऐकलं. माझ्याआधी अख्खी गल्ली धावली. वेळेवर दवाखान्यात नेलं, हे वाचले!