धुक्यात वर झालेले हात

तीर्थरूप आजोबांस,

बेदाचा साष्टांग नमस्कार. (नावाआधी 'स्वर्गवासी' मुद्दाम लावलं नाही. परक्याला लिहिल्यासारखं वाटतं, शिवाय तुमचा मुक्काम नक्की कुठे याबद्दल पाद्रीबुवाही छातीठोक बोलत नाहीत.) तब्येत कशी आहे हे विचारायची सोय तुम्ही स्वतःच संपवलीत, निदान गुडघे आता दुखत नसावेत. इकडे आई बरी, गाय व्याली, आणि मी बुडालो. पत्र थडग्यावरच्या दिव्याखाली ठेवतोय. सवडीने नको, लगेच वाचा.

आपल्या गावप्रमुखाची, कोलुम्बानची, मुलगी इद्दा तुम्हाला आठवत असेल. तुमच्या वेळी ती वेणीवाली पोर होती. आता ती समोरून आली की मला माझं नाव आठवत नाही. येत्या सोमवारी ती बाझेल शहरात नोकरीवर निघते आणि मीही तिच्यासोबत, असं ठरलं आहे. (म्हणजे मी ठरवलं. ती "बघू" म्हणाली, पण इद्दाचं "बघू" म्हणजे इतर मुलींची शपथ.) आईने विचारलं, "तिथे तू करणार काय? कॉलेजात केलंस तेच? मास्तराशी भांडून अर्ध्यावर घरी?" मी दार आपटलं. बिजागरी निघाली आहे, पण ते राहू दे.

तर गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमागच्या कुरणात गावसभा भरली. तुमची तलवार कमरेला लावून मी रिंगणात उभा. (म्यानाला गंज आहे, पण तलवारीशिवाय पुरुषाचं मत कोण धरतो?) तुमच्यामागून मध्यस्थ झालेला फ्रान्झ-आंतोन वारल्यामुळे ती जागा रिकामी होती. गावाची भांडणं मिटवायची आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे काम कुणाला हवं असतं? पण आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे: गावाने हात वर केले की नकार देता येत नाही, आणि मुदत संपेपर्यंत गाव सोडता येत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. तो चीजवाला रोमान सारखा इद्दाच्या अंगणात घुटमळतो; त्यालाच इथे खिळवून टाकावा! मी त्या जागेसाठी बेंबीच्या देठापासून नाव पुकारलं, "रोमान!"

तो सावकाश वळला. "अरे वा, बेदाराव, एवढी माया? मग आम्ही कसं मागे राहायचं? बेदा!"

सगळं रिंगण हसलं. गावातला अव्वल भांडखोर भांडणं मिटवणार म्हटल्यावर मीसुद्धा हसलो. आणि तेवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं.

आजोबा, असं धुकं मी पाहिलं नव्हतं. शेजारी उभी असलेली आई दिसेना. लाकडी चौथऱ्यावरून कोलुम्बानचा आवाज आला, रोमानसाठी हात वर करा. इकडेतिकडे चार-पाच हात निघाले. मग माझं नाव. आणि हात उगवले. माणसं नाहीत, नुसते हात, पांढऱ्या धुक्याच्या वर, कापणीला आलेल्या गवतासारखे दाट. गाव हात वर करतं तेव्हा कोटांची सळसळ होते, कुणी खोकतं, कुणाची तलवार कुणाच्या नडगीला लागते. या वेळी काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सगळ्यात जास्त गर्दी माझ्या पाठीमागे होती, आणि माझ्या पाठीमागे कबरस्तानाची भिंत आहे. हात मोजायची आपल्याकडे पद्धत नाही, प्रमुखाची नजर हेच माप. शेवटी कोलुम्बान बोलला, "बेदाकडे जास्त."

धुकं उठलं तसा मी एकेकाला धरून विचारत सुटलो. बेकरीवाली एमेरिता म्हणाली, "माझ्या दोन्ही हातांत नातू होता रे." रोमान म्हणाला, "मी हसून हसून पोट धरलं होतं, तिसरा हात कुठून आणू?" आई म्हणाली, "माझं पोर मी शिव्या खायला देईन होय?" अख्ख्या गावात हात वर केलेला माणूस सापडेना! माझ्या कानाशी जो हात होता, त्याची तुमच्यासारखीच दोन बोटं करवतीने नेलेली होती आणि बाहीतून ओली माती गळत होती. मागे वळून बघायला हवं होतं. माझ्याच्याने झालं नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा नातू,
बेदा

ता. क. खरं काम हे की, शंका आल्यामुळे कोलुम्बान या रविवारी पुन्हा मत घेतोय. कृपा करून तुम्ही आणि तुमच्या आळीतल्या सगळ्यांनी हात खाली ठेवावेत. फ्रान्झ-आंतोनलाही बजावा, त्याला काम सोपवायची घाई असणार. नाहीतर इद्दा एकटी जाईल.

ता. क. २. पत्र ठेवायला निघालो तर इद्दाच फाटकाशी भेटली. म्हणाली, "एक हात माझा होता, बेदा. खरंच. मला एकटीला जायचंय, आणि तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती." मी भांडलो नाही. भांडण सुचलंच नाही. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. तिचा हात वजा करून, मी इथे राहावं असं वाटणारे तुम्हीच काय ते उरता. रविवारी सगळ्यांना घेऊन या. या वेळी मी मागे वळून बघेन.