कोचच्या शेजारची खुर्ची

डिकोरा, आयोवा
१० ऑगस्ट १९८७

चि. वेंडेल यास,
अ. उ. आ.

पेपरातला तुझा फोटो सगळ्यांना दाखवून दाखवून पार चुरगळला. गोठ्यात वासरांशी कुस्ती खेळणारा आमचा पोरगा आज अख्ख्या कॉलेजच्या खेळांचा डायरेक्टर, नवं स्टेडियम उभारणारा! पोट मात्र सुटलंय हो. पण परवा फोनवर आवाज उतरलेला वाटला. काय झालंय? न लपवता लिही.

काळजीचा हक्क न सोडणारी,
ग्लेनिस

मिलबर्न, ओहायो
१४ ऑगस्ट

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

बरोबर ओळखलंस. गेल्या आठवड्यात फुटबॉलचा सराव होता. ऊन असं की डांबर बुटांना चिकटत होतं. खेळाडूंची प्रकृती सांभाळणारी रोझलिन धावत माझ्याकडे आली, म्हणाली की पोरं कोसळतील, थांबवा. मी कोच हॅगर्टीकडे पाहिलं. तो हसला, म्हणाला की बाईंना सावलीत बसवा, ट्रॉफ्या काही लिंबू सरबत पिऊन येत नाहीत. मागे स्टेडियमचे देणगीदार बसले होते. मी गप्प राहिलो, ताई. थोड्याच वेळात पहिल्या वर्षाचा टेरन्स ब्लेडसो पडला. अजून शुद्धीवर नाही.

आता कॉलेजचे अध्यक्ष म्हणतात, पुढच्या आठवड्यात चौकशी समितीपुढे एवढंच सांग, की रोझलिनने कुणालाच सावध केलं नव्हतं. तिची नोकरी जाईल, माझी राहील. काही सुचत नाही.

तुझा,
वेंडेल

डिकोरा
१८ ऑगस्ट

चि. वेंडेल,
अ. उ. आ.

फोन करणार होते, पण ओरडले असते. गप्प बसलास ते वाईटच, त्यावर मी साखर पेरणार नाही. पण आपलं पाप त्या बाईच्या गळ्यात बांधलंस, तर या घराची पायरी चढू नकोस. त्या पोरासाठी चर्चमध्ये आम्ही रोज प्रार्थना करतोय.

रागातही तुझीच,
ग्लेनिस

मिलबर्न
२६ ऑगस्ट

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सांगून टाकलं. म्हणालो की रोझलिनने मला बजावलं होतं, सराव थांबवायचा अधिकार माझा होता, आणि मी कोचच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिलो. संध्याकाळच्या आत अध्यक्षांनी माझा राजीनामा मागून घेतला. हॅगर्टीलाही घरी बसवलं. रोझलिनला कुणी हात लावला नाही.

आणि टेरन्स शुद्धीवर आलाय! डॉक्टर म्हणतात, धोका टळला. हॉस्पिटलात भेटायला गेलो, तर त्याच्या आईने दारातच अडवलं. म्हणाली की माफ केलेलं नाही, इतक्यात करेन असंही समजू नका. पण खरं बोललात, तेव्हा आत या. पोरगा उशीला टेकून बसला होता. म्हणाला, सर, इथलं जेवण भयंकर आहे, कॉलेजच्या कॅन्टीनमधून बर्गर पाठवायला सांगा. मी म्हटलं, बाबा, आता माझं तिथे कुणी ऐकणार नाही. तर म्हणतो कसा, मग स्वतः जाऊन आणा.

नर्सला विचारून गेलो, ताई. पोरांच्या मागे रांगेत उभा राहिलो. कुणी जागा दिली नाही, कुणी सलाम केला नाही, आणि कित्येक वर्षांनी छाती मोकळी वाटली.

राग ओसरला असेल तर माया तशीच राहू दे.
वेंडेल