यमुनामावशी, हाक मारायची राहून गेली

प्रिय यमुनामावशी,

काल भांडगावहून तुमच्या वहिनी तुमचं लुगडं-भांडं न्यायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "वन्संना लई वाटायचं बगा, तुमी शेतातल्यांनी एकदा तरी बुद्धवंदनेला बसा म्हणावं." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही तर गेलात, आता हे कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहिते.

अहो, बोलायचं तरी! दुष्काळी कामावर खडी फोडताना आपली गाठ पडली. नवऱ्यानं टाकलेल्या तुम्ही, माहेरी जड झालेल्या. घोड नदीकाठच्या गायरानावर आमच्या बौद्ध घरांनी मिळून शेती धरली, तेव्हा न बोलावता खुरपं घेऊन आलात. 'त्यांच्यात जेवतेस' म्हणून भाऊ तणतणत आला, तर त्याच्यासमोर माझ्या फडक्यातली भाकरी मोडून खाल्लीत. नंतर किती हसलो आपण!

मग संध्याकाळीच काय व्हायचं? विहिरीजवळ मेणबत्ती लागली, आम्ही वंदनेला बसलो, की तुम्ही पदर सावरून बांधावर जायचात. वाटायचं, मावशींचा खंडोबा आहे, त्यांना कशाला भरीस घाला? आमच्या ह्यांना विचारलंही होतं मी. ते म्हणाले, "आपल्यावर लोकांनी लई लादलं. आपुन कुणावर लादायचं न्हाई." पटलं मला, आजही पटतं. पण बोलावणं म्हणजे लादणं नव्हे, एवढं कसं सुचलं नाही आम्हाला?

एकदा भुईमूग खुरपताना तुम्ही आमच्या वंदनेतलं त्रिशरण पुटपुटत होतात, शब्द न् शब्द बरोबर. मी वळले तशा गप्प झालात. तुम्हाला संकोच नको म्हणून मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आणि तुम्ही समजलात, आपण बाहेरच्या! मावशी, आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या देवळाबाहेर उभं केलं, आणि आमच्या दारात तुम्ही बाहेर बसलात. हे फार सलतं हो.

तुमचंही चुकलंच. कामाला न बोलावता आलात, मग तिथंच मान का आडवा आला? तुम्ही उठून आला असतात तर जागा देण्यासाठी आम्ही सगळे सरकलो असतो.

परवापासून शरीफाबी नावाची बाई खुरपायला येते. संध्याकाळी लिंबाखाली एकटीच बसते. आज मी तिला विचारणार आहे. नको म्हणाली तर तिच्यापाशी थोडी टेकेन, आणि मग वंदनेला जाईन. पण 'मला कुणी विचारलंच नाही' असं मनात घेऊन या शेतातून यापुढं कुणी जाणार नाही, हा माझा शब्द.

तुमचीच,
सरू