मास्कमागची कुजबुज

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही ठीक. हिची गुडघेदुखी आहे तिथेच आहे आणि माझी चिडचिडही. भावोजी कसे आहेत? फोनच केला असता, पण हल्लीच्या फोनमधून माणसं बोलतात की गुळण्या करतात तेच कळत नाही. त्यापेक्षा पत्र बरं, कागद निदान पुटपुटत तरी नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या विभागात कुठेतरी पाणी मुरतंय.

हा कान-नाक-घसा विभाग मी कसा उभा केला ते तू पाहिलं आहेस. माझ्याच हाताखाली शिकलेली आणि आता हुद्द्याने माझ्या लगेच खाली असलेली डॉक्टर आहे ना, सगळे जिला छोट्या मॅडम म्हणतात ती? तिचा डोळा माझ्या खुर्चीवर आहे. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत, पण तिला तेवढाही दम निघत नाही.

पुरावा काय म्हणशील. माझ्या केबिनमध्ये सगळे समोर उभे राहून नीट बोलतात. तीच माणसं ऑपरेशन थिएटरमध्ये मास्क चढवला की कुजबुजायला लागतात. काय म्हणालात, असं विचारलं की ‘काही नाही सर’. मग डोळ्यांनी एकमेकांना खुणा. सकाळची केसेसची चर्चा मोठ्या हॉलमध्ये व्हायची. छोट्या मॅडमने मला न विचारता ती लहान खोलीत आणली. तिथे मला बरोबर मधोमध बसवतात, आरोपीसारखं. परवा एका विद्यार्थिनीने काहीतरी विचारलं, मी ऐसपैस उत्तर दिलं, तर सगळ्यांच्या माना खाली आणि मागच्या बाकावर खसखस. माझं उत्तर चुकलं नव्हतं. मी नंतर पुस्तक काढून खात्री केली.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे माझ्या प्रत्येक ऑपरेशनला ती हल्ली येऊन उभी राहते. काही काम नसताना. माझी चूक कधी होते ते टिपायला, दुसरं काय?

ही म्हणते, तुम्हाला उगाच संशय येतो. पण ही तरी कुठली धुतल्या तांदळासारखी! परवा स्वयंपाकघरात मुलीशी हळू आवाजात फोनवर बोलत होती, मी गेल्यावर विषय बदलला. म्हणजे घरातही फितुरी.

शुक्रवारी एक ऑपरेशन आहे. ते झालं की सोमवारी डीनला भेटून छोट्या मॅडमची बदली मागतो. तिची मुलं इथल्या शाळेत आहेत, नवऱ्याची नोकरी इथे आहे, मला ठाऊक आहे. केसाने गळा कापायच्या आधी तिने त्याचा विचार करायला हवा होता. यातलं कुणाजवळ बोलू नकोस.

डोळ्यांत तेल घालून बसलेला,
तुझा धाकटा

*

ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहितोय.

शुक्रवारची पेशंट एक शाळेतली बाई होती. कानात तांदळाच्या दाण्याहून लहान एक हाड असतं, ते आखडलं की ऐकू येईनासं होतं. ते काढून तिथे कृत्रिम बसवायचं. यात पेशंटला झोपवत नाहीत, नुसता कान बधिर करतात. शेवटी सर्जनने हळूच विचारायचं, ऐकू येतंय का? पेशंट हो म्हणाला की काम फत्ते.

मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिचं तोंड पलीकडे वळलेलं, वर हिरवं कापड. मला वाटलं, नीट बसलं नाही. मी कान पुन्हा उघडायला हत्यार मागितलं. ताई, तिथे दुसऱ्यांदा हात घातला तर आहे तेही ऐकणं कायमचं जाऊ शकतं. सिस्टर हत्यार देईना. छोट्या मॅडमने माझं मनगट धरलं. सगळ्यांसमोर! मी ओरडणारच होतो, तेवढ्यात तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

“सर, त्या तीनदा हो म्हणाल्यात. आता रडतायत.”

मी वाकून कापडाखाली पाहिलं. बाई रडत होती, हसत होती आणि तेच तेच बोलत होती. तिचे ओठ दिसले आणि त्याबरोबर मला शब्दही ऐकू आले.

संध्याकाळी मी स्वतःच जाऊन कान तपासायच्या बंद खोलीत बसलो. काचेपलीकडे यंत्रावर छोट्या मॅडम. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. आवाज येईना. मला वाटलं, यंत्र चालू केलेलंच नाही. मग काचेतून बघितलं तर तिचं बोट एकसारखं चालू होतं. मी काय केलं असेन? तिच्या बोटाकडे बघून बटण दाबायला लागलो. असली लबाडी करणाऱ्या किती पेशंटना मी रागावलो असेन! तिने खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली.

लहान खोली का, तर तिथे आवाज घुमत नाही. मधली खुर्ची का, तर सगळ्यांची तोंडं दिसतात. आणि थिएटरमध्ये ती उभी राहायची ती पेशंटचं उत्तर मला मोठ्याने सांगायला. शुक्रवारी तिला यायला दोन मिनिटं उशीर झाला होता, आणि मी तिला लांब उभं राहायला बजावलं होतं. म्हणजे कट होताच, फक्त मला सांभाळण्याचा होता. तरी मला तिचा राग आहे. मला आधीच तोंडावर सांगायला हवं होतं. तसं मी तिला म्हणालो, तर म्हणाली, “सांगितलं होतं सर. दोनदा. तुम्ही ‘बरं बरं’ म्हणालात.”

सुनेच्या तक्रारी सांगणारा म्हातारा आला की आधी त्याचे कान बघा, हे वर्गात मीच शिकवतो.

सोमवारी डीनकडे गेलो. बदली मागितली नाही. ऑपरेशनं सोडल्याचं सांगितलं. कानाला यंत्र लावून शिकवेन म्हणालो. वाईट वाटतंय, ताई, फार वाईट वाटतंय. घरी येऊन हिच्यासमोर रडलो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. दोन महिन्यांपूर्वी तुझा फोन आला होता. तू बराच वेळ बोललीस. मला भावोजींचं नाव कळलं आणि कसलासा रिपोर्ट, बाकी नुसता गलका. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटली. अंदाजाने म्हणालो, “वा, छान झालं.” तू फोन ठेवून दिलास. त्यानंतर ना फोन, ना पत्र. मी मनात धरून बसलो की ताईचेही कान कुणीतरी भरलेत.

आज हिला त्या फोनबद्दल विचारलं. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. पुढे काही सांगेना, ताईंनाच विचारा म्हणाली.

फोन करू नकोस. शनिवारी सकाळी मी येतो. मला उजेडात समोर बसव आणि पहिल्यापासून सगळं सांग. भावोजींना भेटायची मला अजून परवानगी असेल, तर त्यांनाही सांग की मी येतोय.

तू काय म्हणालीस ते न ऐकताच ‘छान झालं’ म्हणालेला,
तुझा धाकटा