आपल्या वाटीने

आई, रविवारी ओटा फुटणार. अठरा वर्षं घरमालकाच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे त्याने हो म्हटलं. सिंकखालचं लाकूड कुजून भुसा झालंय, कपाटांची दारं बिजागरीवरून लोंबकळतायत. तुम्हीच म्हणाला होतात, "अगं, हा ओटा आहे की पाट? कंबर मोडेल तुझी." मोडलीच. आता इथल्या अर्दिया भागातल्या एका वर्कशॉपमध्ये नवी कपाटं तयार होतायत, ओटा चार बोटं उंच घेतलाय, मसाल्यांना वेगळा खण केलाय. तुमच्या सुनेने आनंदाने नाचायला हवं. आणि मी रिकाम्या कपाटांसमोर स्टुलावर बसून रडतेय.

वाटी गेली, आई. तुमची जर्मनची वाटी, तळाला पोचा आलेली, काठ एका बाजूने दुमडलेला. पहिल्यांदा इथे आखातात व्हिजिट व्हिसावर आलात तेव्हा नाशिकहून साडीत गुंडाळून आणली होतीत. मी नुकताच मॉलमधून मापाच्या कपांचा चकचकीत सेट घेतला होता, मोठ्या हौसेने. "स्वयंपाक करतेस की औषधं देतेस?" असं तुम्ही चार बायकांसमोर म्हणालात आणि त्या चौघी पोट धरून हसल्या. माझे कान तापले. तो सेट मी माळ्यावर टाकला. पण मग तीन महिने तुम्ही मला जे शिकवलंत, त्यात कधी हात राखला नाहीत. तुम्ही बोलताय आणि मी वहीत उतरवून घेतेय: किलोभर कैरीला आपल्या वाटीने एक मोहरीची डाळ. अर्धा किलो धन्यांना आपल्या वाटीने एक तीळ, पाऊण खोबरं. पानोपानी 'आपल्या वाटीने'. परत जाताना बॅग बंद करता करता तुम्ही ती वाटी माझ्या हातात ठेवलीत. "राहू दे तुझ्याकडे. मला माप लागत नाही, तुला लागेल." देतानासुद्धा टोमणा सोडला नाहीत.

सगळंच वाटीने असतं तर कुठल्याही वाटीने जमलं असतं हो. पण तुमचे धने किलोत, मिरच्या मोजून आणि बाकीचं वाटीत. गॅस काढायच्या आधी वर्षाचा गोडा मसाला करून ठेवू म्हणून वही उघडली आणि हात वाटीकडे गेला, तर वाटी नाही. तरी केला. तीनदा केला, तीन वेगवेगळ्या वाट्यांनी. एकदा खोबऱ्याने तेलकट, एकदा तीळ पुढे आले, तिसरा तर नुसता कडू. जुन्या बरणीत तळाला चमचाभर मसाला उरलाय, तो हुंगते आणि नवा हुंगते. जमत नाही. तुमची जीभ होती, माझ्याकडे नुसती वही.

त्या मसाल्याची आमटी ह्यांना वाढली. पहिल्याच घासाला हात थांबला. "मसाला बदललास?" मी म्हटलं, "वाटी सापडत नाहीये. हारिसने खोकी खाली नेली ना, त्यातच गेली असणार." हारिस म्हणजे आमच्या इमारतीचा रखवालदार, साठीचा इजिप्तचा माणूस. लेक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ बोल." हे ताटावरून उठले. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आई, आणि तुमच्या मुलाकडे तुमचं म्हणून दुसरं काही उरलं नव्हतं. फोटोतून वास येत नाही, असं ते एकदा म्हणाले होते.

भर दुपारी ते खाली गेले. त्यांचा चढलेला आवाज वर तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. मी खिडकीत होते. हारिस रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत उतरला. गुडघ्याएवढ्या कचऱ्यात, त्या उन्हात, पिशव्या फाडून फाडून बघत होता. तासाभराने दारावर आला, घामाने निथळत, हातात धुऊन आणलेल्या तीन वाट्या. "मॅडम, ये है?" तिन्ही स्टीलच्या होत्या. मी मान हलवली. "मालेश, मॅडम," म्हणाला, माफी मागत होता बिचारा. मी त्याला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तो जिन्यात भेटला की खाली बघतो.

त्याने नाही टाकली. आवराआवर करताना वाटी माझ्या हातात आली होती. नव्या खणाशेजारी ठेवायला एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्यात, त्यांच्यापुढे ती कशी दिसेल ते बघत होते. मग त्या चार बायका हसताना दिसल्या, इतक्या वर्षांनी. एकदा तरी हे स्वयंपाकघर माझं असू दे, म्हटलं, आणि टाकली. डोळे उघडे ठेवून टाकली. पिशवीची गाठसुद्धा मीच मारली.

उंच ओट्यावर आता काय शिजवणार मी? ह्यांना सांगायला हवं, आणि त्यांच्याआधी खाली जाऊन त्या माणसाला. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. हा कागद वहीत ठेवतेय आणि वही खोक्यात. तुम्हाला सांगितलं, आई, कारण तुम्ही ह्यांना सांगू शकत नाही.