जादूघरातली काळी गोटी

जालना, ता. ४ ऑगस्ट १९३८

ती. सौ. सगुणाताईस, गिरिधरचा शि. सा. न. वि. वि.

चार वर्षं सात सभासद जमवण्यात गेली. सातवा मिळेतो तिसऱ्याची बदली व्हायची. गेल्या महिन्यात एकदाची छावणीतल्या जुन्या बंगल्यात आमची फ्रीमेसनांची, म्हणजे त्या गुप्त विधींच्या बंधुमंडळाची, लॉज उभी राहिली. मेजावर गीता, कुराण, बायबल. ज्यानं त्यानं आपल्या पोथीवर शपथ घ्यायची. बाकी बहुतेक वेळ आम्ही उभे असतो, आणि पाय दुखतात. गाव त्याला जादूघर म्हणतं.

आता काम असं, की आपल्या रजनीला मुलासाठी मागणी घालणाऱ्या काकासाहेबांनी सभासद व्हायला अर्ज केलाय. आमच्यात बंद पेटीत गोटी टाकतात. पांढरी म्हणजे हो. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाद. कोणी कोणती टाकली हे कधीच सांगायचं नाही. तुझं म्हणणं कळव. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

गिरिधर

अंबड, ता. ९ ऑगस्ट

चि. गिरिधरास अनेक आशीर्वाद.

चार वर्षं घालून तू उभं राह्यला शिकलास, हे वाचून बरं वाटलं. काकासाहेबांचा निरोप आल्ता तो असा: मुलीचे मामा आत आहेत, तेव्हा अर्ज बराबर मंजूर होईल, मंग लगेच साखरपुडा. पांढरी टाक. त्यांच्या मुलाच्या पहिल्या बायकोला मूल झालं न्हाई म्हणून माहेरी धाडली, हे तुलाही ठाऊक, मलाही. पण तीन स्थळं परत गेली, आणि मी थकून राह्यले रे. रजनीला विचारलेलं न्हाई. विचारलं तर ती सांगेल, हीच भीती. माया आहे, म्हणून तर लिहिते.

सगुणा

अंबड, ता. २ सप्टेंबर

ती. गिरिधरमामांस, रजनीचा सा. न.

काळी गोटी निघाल्याचं कळलं. काकासाहेबांनी मागणी परत घेतली. आई तुम्हाला पत्र लिहिणार न्हाई म्हणते, म्हणून मी लिहिते. त्यांच्या पहिल्या सूनबाई, उषाबाई, मागं देवीच्या टेकडीवर भेटल्या होत्या. ‘त्या घरातल्या भांड्यांवर माझं नाव कोरलंय, ते तेवढं घासून काढू नको,’ असं म्हणाल्या. टोमणा नव्हता. मामा, त्या गोटीचे उपकार मी विसरणार न्हाई. आईचा राग मी सांभाळते. तुमची माया आजच्यासारखीच असू द्या.

रजनी

जालना, ता. ७ सप्टेंबर

चि. रजनीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. ताईचा राग फुकटात मिळालाच आहे, त्यासोबत तुझे आभारही ठेवून घ्यावेत, असं फार वाटलं. पण मी पांढरी टाकली होती. काळी कोणाची, ते मला कधीच कळणार नाही. परवाच्या सभेत उरलेल्या सहाही जणांना जरा जास्तच वाकून नमस्कार केला, तर त्यांना वाटलं माझी पाठ धरली.

हे तुला सांगून लॉजचा नियम मोडला. चार वर्षं खपून उभी केलेली लॉज, आणि दुसऱ्याच महिन्यात हे. उषाबाई भेटल्या तर माझा नमस्कार सांगू नकोस. तसं मी काही केलेलं नाही. माझ्यावर माया ठेवायची तर आता हे जाणून ठेव.

तुझा मामा,
गिरिधर